जुन्या इमारती जपणारा वास्तुविशारद नेमके काय करतो?

वास्तुविशारद म्हटले की कोऱ्या कागदावर नवी इमारत रेखाटणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. शहरातील ऐतिहासिक इमारतींच्या संवर्धनाला वाहून घेतलेल्या वास्तुविशारदाच्या वाट्याला मात्र कोरा कागद येत नाही. त्याच्यापुढे आधीच उभी असलेली, शंभर-दोनशे वर्षे वापरलेली, अनेकदा वाढवलेली, दुरुस्त केलेली आणि कधी दुरुस्तीच्या नावाखाली बिघडवलेलीही इमारत असते. तिच्यात माणसे राहत किंवा काम करत असतात, तिच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो, आणि तिच्याविषयी शहरातील अनेकांची ठाम मते असतात. या व्यवसायातील खरे कौशल्य इमारतीला कमीत कमी हात लावून ती टिकवण्यात आहे, असे माझे मत आहे. ते अंगी बाणायला अर्धे आयुष्य जाते, कारण चुकलेल्या निर्णयाचे परिणाम दिसायलाच कित्येकदा दशके लागतात.

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या दुरुस्तीत हेच घडले. निकोलाओस बालानोस या अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे तीनहून अधिक दशके अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्समधील टेकडीवरील वास्तूंचे कोसळलेले भाग पुन्हा उभे केले. संगमरवराचे ठोकळे एकमेकांना जोडण्यासाठी त्यांनी लोखंडी आकडे आणि पट्ट्या वापरल्या. प्राचीन ग्रीक कारागिरांनीही लोखंडी आकडेच वापरले होते. पण त्यांनी प्रत्येक आकड्याभोवती वितळवलेले शिसे ओतले होते, त्यामुळे पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचत नव्हती. बालानोस यांच्या कामात ही काळजी घेतली गेली नाही. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते, आणि घट्ट बसवलेल्या दगडात त्याला फुगायला जागा नसल्याने संगमरवर आतून तडकू लागला. १९७५ मध्ये ग्रीसने या वास्तूंच्या संवर्धनासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्या देखरेखीखाली गंजलेले लोखंड काढून त्या जागी न गंजणारे टायटेनियम बसवले गेले, आणि आधीच्या दुरुस्तीत भलत्याच ठिकाणी लावलेले दगड ओळखून त्यांच्या मूळ जागी नेण्यात आले. एका पिढीने सद्हेतूने केलेली दुरुस्ती निस्तरण्यात पुढच्या दोन पिढ्या गेल्या. म्हणूनच या क्षेत्रात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : आज आपण जे बसवत आहोत, ते उद्या कोणाला काढावेसे वाटले तर मूळ इमारतीला इजा न करता काढता येईल का?

हा सावधपणा एका दीर्घ वादातून आला आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये युजेन व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदांचे या क्षेत्रात मोठे वजन होते. पॅरिसचे नोत्र-दाम कॅथेड्रल आणि कारकासोनची तटबंदी यांच्या जीर्णोद्धाराची कामे त्यांनी केली. इमारत तिच्या परिपूर्ण अवस्थेत आणावी, मग ती अवस्था प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नसली तरी चालेल, अशी त्यांची धारणा होती. इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये याच्या अगदी विरुद्ध भूमिका मांडली. जीर्णोद्धार म्हणजे इमारतीचा संपूर्ण नाश, कारण ज्या हातांनी ती घडवली ते हात आणि तो काळ परत आणता येत नाही. त्यापेक्षा तिची रोजची निगा राखा, असे त्यांचे सांगणे होते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, ती याच विचारातून. इटलीत कमिल्लो बोइतो यांनी मधला मार्ग सुचवला : आवश्यक तेथे नवे काम जरूर करा, पण जुने कोणते आणि नवे कोणते हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

१९६४ मध्ये व्हेनिस येथे जमलेल्या वास्तुविशारदांनी आणि तंत्रज्ञांनी या चर्चेचे सार एका सनदेत मांडले. तिच्यातील एक तत्त्व या व्यवसायातील प्रत्येकाला पाठ असते : जेथे अंदाज सुरू होतो, तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तुटलेल्या नक्षीचा अर्धा भाग शिल्लक असेल आणि दुसरा अर्धा त्याच्यासारखाच होता याचा पुरावा असेल, तर तो घडवता येतो. पुरावा नसेल, तर सुंदर दिसेल म्हणून काही कल्पून घडवायचे नाही. पुढे १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी केलेल्या बुरा सनदेने हीच वृत्ती अधिक साध्या शब्दांत सांगितली : गरजेइतके करा, पण शक्य तितके कमी करा.

तत्त्वे इतकी स्पष्ट असली तरी प्रत्यक्ष प्रसंग सरळ नसतात. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र-दामला आग लागली आणि कॅथेड्रलचा उंच मनोरा कोसळला. तो मनोरा मध्ययुगीन नव्हता. जुना मनोरा अठराव्या शतकात उतरवल्यानंतर व्हिओले-ल-द्यूक यांनी स्वतःच्या कल्पनेने रचलेला होता. म्हणजे नंतरच्या काळातील नियमांप्रमाणे जो मनोरा मुळात उभारायलाच नको होता, तोच दीडशे वर्षांत इतिहासाचा भाग झाला होता. समकालीन शैलीतील नवा मनोरा उभारावा की व्हिओले-ल-द्यूक यांचाच पुन्हा करावा, यावर बराच वाद झाला. अखेर तोच पुन्हा उभारला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल खुले झाले. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण त्या मनोऱ्याविषयी अंदाज करण्याची वेळ आली नाही. त्याच्या रचनेचा सविस्तर पुरावा हाताशी होता.

पुरावा गोळा करणे हाच प्रत्यक्ष कामाचा पहिला टप्पा असतो आणि त्याला लोकांना वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. प्रत्येक खोली, जिना, खिडकी, तुळई मोजून कागदावर आणली जाते. आता त्यासाठी लेझर स्कॅनरही वापरतात. नोत्र-दामच्या बाबतीत अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकारांनी आगीच्या कितीतरी वर्षे आधी केलेल्या स्कॅनमध्ये एक अब्जाहून अधिक बिंदूंची मोजमापे होती. तरीही अनुभवी मंडळी हाताने मोजणे सोडत नाहीत, कारण टेप धरून भिंतीला भिडल्याशिवाय विटांचा बदललेला आकार, बुजवलेल्या दाराची चौकट किंवा गिलाव्याखालची पोकळी लक्षात येत नाही. लाकडावर करवतीच्या खुणा सरळ आहेत की वळणदार, यावरून ते हातकरवतीने कापले की यंत्राच्या गोल करवतीने, हे कळते. रंगाचे थर एकेक करून खरवडले की आधीच्या प्रत्येक पिढीने भिंत कोणत्या रंगात पाहिली, ते दिसते. जोडीला जुने नकाशे, कराच्या नोंदी, बांधकामाचे हिशेब, छायाचित्रे धुंडाळली जातात. या सगळ्यांतून इमारतीचा कोणता भाग केव्हाचा आहे आणि त्यांतील कोणता भाग किती महत्त्वाचा आहे, हे लिहून काढावे लागते. पुढे पैसे कमी पडले, घाई झाली किंवा मालकाने वेगळाच आग्रह धरला, की कशावर तडजोड करता येईल आणि कशावर मुळीच नाही, हे ठरवायला हाच लेख कामी येतो.

त्यानंतर बिघाडाचे कारण शोधायचे. येथे नवख्या आणि मुरलेल्या वास्तुविशारदातील फरक सर्वांत ठळकपणे दिसतो. जुन्या दगड-विटांच्या इमारतीचे बहुतेक आजार पाण्यापाशी येऊन थांबतात. भिंतीला ओल आली, रंग पोपडे धरू लागला, लोणा लागला, की मालकाला भिंतीवर काहीतरी लावायचे असते. वास्तुविशारदाने मात्र आधी वर आणि खाली पाहायला हवे. वर पन्हळ तुंबली आहे का, पावसाचे पाणी उतरवणारा पाइप फुटला आहे का, कौल सरकले आहे का? खाली रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून बाहेरची जमीन जोत्याच्या वर तर आली नाही ना? अनेकदा पन्हळ साफ केली आणि भिंतीलगतची माती उतरवली की निम्मा प्रश्न सुटतो. अशा उपायात दाखवण्यासारखे काहीच नसते, तरी तो सुचवण्याचा प्रामाणिकपणा हा या व्यवसायाचा पाया आहे, असे मी मानतो.

आता चुन्याविषयी थोडे सविस्तर, कारण हे समजले की या क्षेत्रातील निम्मे वाद समजतात. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजला की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो उकळून फुलतो. हा विरी गेलेला चुना वाळूत मिसळून मसाला तयार होतो. भिंतीत बसल्यावर हा मसाला हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषतो आणि पुन्हा चुनखडीत रूपांतरित होतो. असा मसाला मऊ, सच्छिद्र आणि किंचित लवचिक असतो. भिंत थोडी खचली तर तो बारीक भेगा सोसतो, आणि भिंतीत शिरलेले पाणी दगडांमधल्या दरजांतून वाफ होऊन बाहेर जाऊ देतो.

१८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. नव्या बांधकामासाठी सिमेंट उत्तमच आहे, पण विसाव्या शतकात ते जुन्या भिंतींच्या दुरुस्तीसाठीही सर्रास वापरले गेले. मऊ दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या की पाण्याची नेहमीची वाट बंद होते. मग ते दगडातूनच बाहेर पडू लागते. पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. दगडाच्या पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा दर्शनी भाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. काही वर्षांनी दगड झिजून आत गेलेले आणि सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या, असे दृश्य दिसते. मसाला दगडापेक्षा कमकुवतच असला पाहिजे, हे तत्त्व पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते. पण झिजायचेच असेल तर मसाल्याने झिजावे. तो दर काही दशकांनी पुन्हा भरता येतो, दगड पुन्हा आणता येत नाही. पाणी न शिरू देणारे रंग आणि लेप यांच्याबाबतीतही हेच होते : ते बाहेरचे पाणी जेवढे अडवतात, तेवढेच आतलेही कोंडून ठेवतात.

चुन्याचे काम जाणणारे गवंडी, कमान बांधणारे पाथरवट, जुन्या पद्धतीचे सांधे करणारे सुतार ही माणसे कमी होत चालली आहेत. त्यामुळे संवर्धन वास्तुविशारदाच्या कारकिर्दीचा मोठा भाग कारागीर शोधण्यात, त्यांच्याकडून शिकण्यात आणि त्यांच्याकडे पुढची मुले शिकतील अशी कामे आखण्यात जातो. नकाशावर कमान काढता येणे वेगळे आणि परांचीवर उभे राहून कोणता दगड बदलायचा व कोणता ठेवायचा हे पाथरवटाशी बोलून ठरवता येणे वेगळे. शेवटच्या गोष्टीचे शिक्षण कोणत्याही वर्गात पूर्ण होत नाही.

रचनेच्या मजबुतीचा विचार संरचना अभियंत्याबरोबर केला जातो. भिंतीत रुतलेली तुळईची टोके आधी कुजतात, तेथे संपूर्ण तुळई न बदलता कुजलेले टोक कापून नवे लाकूड जोडता येते. भूकंपाचा आणि आगीचा धोका, विजेच्या तारा, लिफ्ट, चाकाच्या खुर्चीसाठी उतार हे सगळे जुन्या चौकटीत बसवावे लागते. विसाव्या शतकातील काँक्रीटच्या इमारतीही आता जुन्या झाल्या आहेत आणि त्यांच्या आतल्या सळ्या गंजत आहेत. पार्थेनॉनच्या दगडाचे जे झाले तेच येथे काँक्रीटचे होते.

इमारत बरी केली, पण तिला काम उरले नाही, तर ती पुन्हा पडीक होते. व्हेनिसच्या सनदेनेही समाजाला उपयोगी असा वापर संवर्धनाला साहाय्यक ठरतो, असे म्हटले आहे. पॅरिसमधील ओर्से हे रेल्वे स्थानक १९८६ मध्ये कलासंग्रहालय झाले, आणि लंडनमधील बँकसाइडच्या वीजनिर्मिती केंद्रात २००० मध्ये टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झाले. मला स्वतःला यापेक्षाही मोलाचे वाटते ते वास्तुविशारद लीना बो बार्दी यांचे ब्राझीलमधील साओ पाउलो शहरातील काम. पोंपेया भागातील एक जुना कारखाना पाडून तेथे सांस्कृतिक केंद्र बांधायचे होते. तेथे गेल्यावर, रिकाम्या कारखान्यात मुले खेळत आहेत आणि कुटुंबे सुटीचा दिवस घालवत आहेत, हे त्यांनी पाहिले. तेथे जे आपोआप घडत होते, ते टिकवणे हेच आपले काम आहे, असे त्यांनी ठरवले. कारखान्याच्या विटांच्या शेड त्यांनी ठेवल्या आणि शेजारी क्रीडासंकुलाचे काँक्रीटचे मनोरे उभारले. १९८० च्या दशकात खुले झालेले ते केंद्र आजही गजबजलेले असते. बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये वास्तुविशारद डेव्हिड चिपरफील्ड यांनी दुसऱ्या महायुद्धातील पडझडीच्या खुणा पुसल्या नाहीत. होते ते जपले आणि हरवलेल्या जागी साध्या, ओळखू येणाऱ्या नव्या रचना केल्या. ते संग्रहालय २००९ मध्ये पुन्हा उघडले.

याउलट, रस्त्याकडची दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागची सगळी इमारत पाडण्याची आणि तेथे नवा मनोरा उभारण्याची पद्धत अनेक शहरांत रूढ झाली आहे. काही वेळा दुसरा पर्याय उरलेला नसतो, हे मान्य केले तरी त्याला संवर्धन म्हणणे मला पटत नाही. जिने, चौक, खोल्यांची मांडणी, लाकडी पाटण यांत त्या काळचे जगणे असते. भिंतीमागे ते नसेल तर उरते ती केवळ आठवणीपुरती खूण.

आता कायदा आणि पैसा. मालकाला जमिनीची किंमत इमारतीपेक्षा मोठी दिसत असते, आणि त्याला केवळ भावनेचे आवाहन करून भागत नाही. न्यूयॉर्कचे १९१० मध्ये उघडलेले पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ मध्ये पाडायला सुरुवात झाली. त्याने शहराला इतका धक्का बसला की १९६५ मध्ये महत्त्वाच्या वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर उंच मनोरा बांधायची परवानगी नाकारली गेली, तेव्हा मालक कंपनी न्यायालयात गेली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. त्या प्रकरणात महत्त्वाची ठरलेली कल्पना अशी : जुन्या वास्तूवर जेवढे वाढीव बांधकाम करता आले असते, तेवढ्याचा हक्क मालकाला जवळच्या दुसऱ्या जागेवर वापरता येतो. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली, तिच्यात इमारतींची प्रतवारी आणि विकासहक्कांचे, म्हणजे अशा वाढीव बांधकामाच्या हक्काचे, हस्तांतरण या दोन्ही गोष्टी होत्या. इमारत कोणत्या प्रतीत मोडते यावर तिच्यात किती बदल करता येतील हे ठरते, आणि म्हणून प्रतवारीच्या समितीपुढे पुराव्यानिशी बाजू मांडणे हेही या वास्तुविशारदाचे नेहमीचे काम असते.

पैशाची दुसरी बाजू राहणाऱ्यांची आहे. जुनी वस्ती दुरुस्त होऊन देखणी झाली की भाडी वाढतात आणि जुने रहिवासी बाहेर फेकले जातात. इटलीतील बोलोन्या शहराने १९७० च्या दशकात जुन्या भागातील घरांची दुरुस्ती सार्वजनिक गृहनिर्माणाचा भाग म्हणून हाती घेतली, ती रहिवाशांनी तेथेच राहावे या स्पष्ट हेतूने. घरे वाचली आणि माणसे गेली, तर आपण नेमके काय वाचवले, हा प्रश्न वास्तुविशारदाने पहिल्या बैठकीतच विचारायला हवा.

अस्सलपणाची कल्पनाही सगळीकडे सारखी नाही. जपानमधील इसे येथील देवस्थान साधारणपणे दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात जसेच्या तसे पुन्हा बांधले जाते. तेथे लाकूड नवे असते, पण बांधण्याची विद्या अखंड असते. १९९४ मध्ये जपानमधीलच नारा येथे झालेल्या परिषदेने, अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात पाहावा, हे मान्य केले. दुसऱ्या महायुद्धात पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केलेला वॉर्सा शहराचा जुना भाग पोलंडच्या लोकांनी जुनी मोजमापे आणि अठराव्या शतकातील बेर्नार्दो बेलोत्तो यांची चित्रे समोर ठेवून पुन्हा उभा केला. कडक तत्त्वांनुसार ती प्रतिकृती होती. तरीही १९८० मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पुसून टाकलेले शहर परत मिळवण्याचा त्या लोकांचा हक्क मला कोणत्याही सनदेपेक्षा मोठा वाटतो.

हे सगळे शिकायचे कसे? सर्वसाधारण मार्ग असा : आधी वास्तुकलेची पदवी, मग संवर्धनातील पदव्युत्तर अभ्यास, आणि त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली काही वर्षे. रोममध्ये १९५९ पासून काम करणारी इक्रोम ही आंतरशासकीय संस्था जगभरच्या तज्ज्ञांना प्रशिक्षण देते. सुरुवातीची वर्षे मोजमापे, नोंदी आणि अहवालांत जातात, आणि नव्या इमारतींच्या क्षेत्रातील मित्रांची नावे झळकताना पाहून अनेकांचा धीर सुटतो. पण आपण भरलेल्या दरजा पाच पावसाळ्यांनंतर जाऊन पाहणे, बसवलेला पाइप पुन्हा तुंबला आहे का हे तपासणे, यातूनच पुढच्या इमारतीविषयीची समज तयार होते. ही सवय लवकर लावून घ्यावी, कारण काम संपल्यावर पैसे देणारा कोणी तिची आठवण करून देत नाही.

काम पूर्ण झाल्यावर दोन गोष्टी मालकाच्या हाती द्यायच्या असतात. पहिली म्हणजे देखभालीचे वेळापत्रक : पन्हळी वर्षातून किती वेळा साफ करायच्या, लाकडाला वाळवी आहे का हे केव्हा पाहायचे, भेगांवर लावलेल्या मोजपट्ट्यांची नोंद कोणी ठेवायची. दुसरी म्हणजे केलेल्या कामाची संपूर्ण नोंद, कामाआधीच्या आणि नंतरच्या चित्रांसह : मसाल्याचे प्रमाण, चुना कोठून आणला, कोणते दगड बदलले, कोणत्या निर्णयाला कोणता पुरावा होता आणि कोणता निर्णय पुराव्याअभावी तसाच सोडला. व्हेनिसच्या सनदेने अशी नोंद सार्वजनिक संस्थेच्या संग्रहात ठेवायला सांगितले आहे, म्हणजे पन्नास वर्षांनी ती इमारत ज्याच्या हाती येईल, त्याला आपण काय केले हे भिंत फोडून शोधावे लागणार नाही.